जास्वंद उन्हानं मरत नाही

लेखमाला : वऱ्हाडी उन्हातली बाग (भाग ९)

मागच्या आठवड्यात मोगऱ्याची छाटणी पाहिली. या आठवड्यात जास्वंद, कारण मृग तोंडावर आलं आहे आणि जास्वंदीचं वर्ष मृगापासून मोजायचं असतं.

रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी जास्वंदीची पानं माना टाकतात, कळ्या न उमलताच गळतात. घरचे म्हणतात, झाड उन्हानं चाललं. मग सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली असा मारा सुरू होतो. जून येतो, झाड सावरतं, हिरवंगार होतं. आणि ऑगस्टमध्ये चार दिवसांची झड लागली की तेच झाड अचानक सुकून उभं राहतं. नाव उन्हाचं होतं, पण मारलेलं असतं पाण्यानं. वऱ्हाडात जास्वंद लावणाऱ्यानं ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर बाकीचं सगळं सोपं आहे.

काळ्या मातीचा स्वभाव

आपली कपाशीची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की फाटते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांमध्ये जास्वंदीची बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच माती इतकी फुगते की मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जास्वंदीला ओल आवडते, पण तुंबलेलं पाणी तिला चालत नाही. मुळं कुजली की खालून पाणी वर चढत नाही. मग भर पावसात झाड तहानेनं सुकल्यासारखं दिसतं आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो.

खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरायचं, ही सर्वसाधारण पद्धत इथं घातक आहे. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे पाणी साठवायचं टाकं. त्याऐवजी जमिनीच्या वर फूटभर उंच आणि तीन-चार फूट रुंद उंचवटा करा. काळी माती, बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात मिसळा आणि झाड त्या उंचवट्यावर लावा. मुरमात पांढरी चुनखडी दिसत असेल तर तो घेऊ नका.

पाणी देण्याची रीत मोर्शी-वरुडच्या संत्रा बागायतदारांकडून घ्यावी. ते झाडाभोवती दुहेरी आळं करतात: आतलं लहान आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचं. खोडाला पाणी लागत नाही, त्यामुळे संत्र्यावर डिंक्या कमी येतो. जास्वंदीचं खोडही बुडापाशी असंच कुजतं, म्हणून हीच रीत तिलाही लागू पडते. संत्र्याची एक सवय मात्र उचलू नका. बहार धरण्यासाठी संत्र्याला पाण्याचा ताण देतात. जास्वंद नव्या फुटीवर फुलते. तिला ताण दिला तर फूट थांबते आणि असलेल्या कळ्याही गळतात.

कळ्या का गळतात

एप्रिल-मेमधला कोरडा, तापलेला वारा पानांतलं पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वेगानं ओढून नेतो. अशा वेळी झाड पानं वाचवतं आणि कळ्या सोडून देतं. हा रोग नाही. जमिनीतल्या मोठ्या झाडाला तीन-चार दिवसांतून एकदा, सकाळी, भरपूर पाणी द्या. रोजचं थोडं थोडं पाणी वरच्या दोन इंचांतच संपतं आणि मुळंही तापणाऱ्या वरच्या थरात राहतात. बुडाभोवती, खोडापासून वीतभर लांब, सोयाबीनच्या कुटाराचा तीन-चार इंच थर द्या. त्यानं माती थंड राहते आणि भेगाही कमी पडतात. कुंडी असेल तर मार्चच्या मध्यापासून तिला दुपारनंतरची सावली हवी. पश्चिमेच्या भिंतीलगत किंवा टिनाच्या छपराजवळ ठेवलेल्या कुंडीतली मुळं अक्षरशः भाजतात.

कळी गळण्याचं दुसरं कारण फुलकिडे. गळलेली कळी उघडून पाहा. आत बारीक पिवळसर-काळपट किडे पळताना दिसले, तर दोष उन्हाचा नाही.

पाणी कुठलं देता हेही पाहा. आपल्याकडे घरोघरी कूलर असतो आणि त्याच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना जातं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, त्यामुळे ते पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट झालेलं असतं. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तसंच. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत तर आधीच विहिरीचं पाणी खारं असतं. तिथं कुंडीतल्या जास्वंदीची पानं कडेनं करपतात. पावसाळ्यात छपराचं पाणी साठवून ते उन्हाळ्यात जास्वंदीला राखून ठेवणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पानं पिवळी, शिरा हिरव्या

कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की समजा झाडाला लोह मिळत नाही. आपल्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मातीचा सामू ८ च्या आसपास जातो आणि ते लोह मुळांना उचलता येत नाही. युरिया घालून हा पिवळेपणा जात नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि दोन ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. जमिनीतून द्यायचं असेल, तर कृषी केंद्रात इडीडीएचए प्रकारचं लोह मागा. स्वस्त मिळणारं इडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

कोणती जास्वंद लावावी

हल्ली टपालानं 'हार्डी हिबिस्कस'च्या बियांची पाकिटं येतात. जेवणाच्या ताटाएवढं फूल चित्रात दिसतं. ही हिबिस्कस मॉश्युटॉस, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दलदलींत वाढणारी. हिवाळ्यात वरचं झाड वाळून जातं, बर्फाखाली मुळं जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. ती उष्णता बऱ्यापैकी सोसते, तहान अजिबात सोसत नाही. शिवाय ती लांब दिवसांत फुलणारी आहे. तिच्या मुलखात उन्हाळ्याचा दिवस चौदा-पंधरा तासांचा असतो; रिद्धपूरला २१ जूनचा सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतबाहेर. म्हणजे झाड वाढलं तरी फुलांचा भरवसा कमी. ज्या भागात बोअर वर्षानुवर्षं खोल खोल जात आहेत, तिथं दलदलीतलं झाड मे महिनाभर पाण्यात उभं ठेवणं मला पटत नाही.

मोठ्या फुलांच्या रंगीत संकरित जाती दिसायला देखण्या, पण मुळांनी नाजूक. घ्यायच्याच असतील तर देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेल्या घ्या. पिशवीत मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असेल, तर तो पाण्यात भिजवून हलक्या हातानं मोकळा करा. तो तसाच पुरला तर मुळं बाहेरच्या मातीत उतरत नाहीत.

आपल्या अंगणाला खरी झेपणारी म्हणजे पाच पाकळ्यांची देशी लाल. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी जुलैत लावली की फुटते. मिरची जास्वंद तर त्याहून काटक. तिची फुलं पूर्ण उमलत नाहीत, पण कुंपणाला उत्तम. आणि याच हिबिस्कस वंशातली अंबाडी आपण विसरूच नये. धुऱ्यावर पेरली की पाऊस गेल्यावर, दिवस लहान होऊ लागले की फुलते. कण्यांसोबत तिची भाजी, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, दोरासाठी वाख, सगळं एका झाडात. वऱ्हाडाच्या उन्हाची परीक्षा ती पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहे.

कपाशीच्या नात्यातली

जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, त्यामुळे त्यांच्या किडीही सामाईक. पांढऱ्या कापसासारखा चिकटलेला पिठ्या ढेकूण २००५ नंतरच्या काही वर्षांत देशभरच्या कपाशीवर पसरला, आणि अंगणातली जास्वंद हे त्याचं आवडतं घर आहे. लाल ढेकण्याही कपाशीवरून जास्वंदीवर येतो. कपाशीचा हंगाम संपल्यावर या किडी आपल्या अंगणात मुक्काम करतात आणि पुढच्या हंगामात वावरात परततात. म्हणून जास्वंदीची देखभाल ही शेजाऱ्याच्या वावराचीही देखभाल आहे. कीड लागलेले शेंडे कापून जाळा, खोडावरची मुंग्यांची रांग तोडा, कारण मुंग्याच पिठ्या ढेकणाला जपतात. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. आच्छादनासाठी पऱ्हाटी वापरू नका. तिच्यावरच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

कपाशीसाठी आणलेलं उरलंसुरलं कीटकनाशक अंगणात कधीही फवारू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जास्वंदीची फुलं हाताळली जातात, पूजेला जातात, तेलात आणि चहात पडतात. तिथं विषाला जागा नाही.

या पंधरवड्यात काय करायचं

मृगाच्या पहिल्या पावसानंतर जुनी झाडं एक-तृतीयांश छाटा. नवी फूट येऊन भाद्रपदात, गणपतीच्या वेळी, फुलं मिळतात. पुढची हलकी छाटणी फेब्रुवारीत. मार्चनंतर कात्री लावू नका, उघड्या फांद्यांना ऊन चटके देतं. बुडाजवळचं पाणी वाहून जाईल असा चर आत्ताच काढा. नवी झाडं जुलैत उंचवट्यावर लावा. एकच झाड लावायची जागा असेल, तर देशी लाल लावा आणि धुऱ्यावर मूठभर अंबाडी पेरा. पुढच्या आठवड्यात गोकर्णीचा वेल.