कर्जाचं बोटभाडं आणि लांघणजच्या कवट्या

इरावती कर्वे म्हटलं की घराघरात 'युगान्त' निघतं. आमच्या बडोद्याच्या मराठी घरांतही तेच. पण त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांच्या हातात आयुष्यभर डोकी मोजायचा एक कॅलिपरही होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं. त्या कॅलिपरचा माग काढत गेलं की वाट दोनदा बडोद्यावरून जाते.

पहिल्यांदा जाते ती कर्जापायी. इरावतीबाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशात मिंज्यानला, म्हणून नाव इरावती नदीचं. वाढल्या मात्र पुण्यात, रँग्लर परांजप्यांच्या घरी. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली एम. ए. झालं, दिनकर कर्व्यांशी लग्न झालं आणि 1928 मध्ये बर्लिनला जायचं ठरलं. पैसे उसने दिले डॉ. जीवराज मेहतांनी. ते तेव्हा मुंबईत केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन होते. वीस वर्षांनी हेच जीवराजभाई बडोदे संस्थानाचे दिवाण झाले आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. एका सुनेच्या कवट्या मोजण्याच्या शिक्षणावर कर्ज देणारा माणूस त्या काळात किती जणांना वेडा वाटला असेल!

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. आनुवंशिकता आणि 'वंशशुद्धी' यांच्या अभ्यासासाठी निघालेल्या संस्थेचे ते संचालक. पुढे नाझी राजवटीला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. बाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतल्या फरकाचा. फिशरांची अटकळ अशी की गोऱ्यांच्या कवटीत हा फरक जास्त असावा आणि त्याचा बुद्धीशी संबंध असावा. बाईंनी जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्यांसकट ढीगभर कवट्या मोजल्या आणि लिहिलं : वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या घरात बसून, गुरूच्याच पट्टीनं मोजून गुरूला खोटं पाडलं. 1930 मध्ये पदवी मिळाली, गुण मात्र हात आखडता घेऊन.

दुसऱ्यांदा वाट बडोद्यात शिरते ती लांघणजला. हे गाव मेहसाणा तालुक्यातलं, म्हणजे त्या वेळी गायकवाडी मुलूख. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी गेल्या शतकाआधीच संस्थानासाठी हा प्रदेश पायाखाली घातला होता आणि साबरमतीच्या परिसरात दगडी हत्यारं टिपली होती. त्याच मागावर 1941 पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी घेऊन येऊ लागले. 1944 च्या तिसऱ्या मोहिमेत त्याच कॉलेजातल्या इरावतीबाई बरोबर होत्या. अंधारियो टिंबो नावाच्या वाळूच्या टेकाडात गारगोटीची बारीक पाती, गेंड्याच्या खांद्याचं हाड आणि गुडघे पोटाशी घेऊन निजवलेली माणसं सापडली. आज त्या कोरड्या रानात उभं राहून गेंड्याची कल्पना करून पाहावी!

इथे बाईंचं काही चुकलं, असं मला वाटतं. त्या कवट्यांत त्यांना आणि सांकलियांना 'हॅमिटिक-निग्रॉइड' छाप दिसला. आफ्रिकेच्या ईशान्येकडे बोट दाखवून मोकळे झाले. बर्लिनमध्ये जिनं कवटीवर वंशाची चिठ्ठी चिकटवायला नकार दिला, तिनंच ती लांघणजला चिकटवली. त्या काळाची भाषाच ती होती, हे खरं. पण तेवढ्यानं चिठ्ठी सुटत नाही. पुढे 1965 मध्ये याच सांगाड्यांवरचा अहवाल दोघांच्या नावानं आला. एक केनेथ केनेडी, ज्यांनी पुढे असली वंशाची खाती हाडांवरून काढणं सोडून दिलं. दुसऱ्या सोफी एऱ्हार्ट, ज्यांनी नाझी काळात जिप्सींची मापं घेतली होती. लांघणजच्या त्या शिकाऱ्यांना मेल्यावर कुणाकुणाच्या हाती जावं लागलं!

मधली वर्षं बाईंनी जिवंत माणसं मोजण्यात घालवली. मराठे मोजले, कर्नाटक आणि ओरिसात हिंडल्या. तोवर हाडाच्या जोडीला रक्त आलं होतं. जीवराजभाईंच्याच त्या जुन्या कॉलेजात 1952 मध्ये य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. अशा माणसाच्या रक्तात ए नाही, बी नाही आणि ओ गटात असणारा एच घटकही नाही. त्याला रक्त चालतं ते फक्त त्याच गटाचं. मुंबईतच एल. डी. संघवी रक्तगटांसारख्या आनुवंशिक खुणांवरून जातींमधलं अंतर काढत होते.

बाईंचं शेवटचं मोठं काम याच वळणावरचं. कैलाशचंद्र मल्होत्रा या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती घेतल्या : चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे वगैरे. अंगाची मापं, रक्तगट, सगळं तपासलं. 1968 च्या त्या लेखाचं म्हणणं असं की एकच दर्जा असलेल्या या पोटजाती शरीरानं एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. म्हणजे एक जात फुटून पोटजाती झाल्या हे घुर्यांचं गृहीत इथे बसत नाही. वेगवेगळे गट एका नावाखाली गोळा झाले असावेत. पुन्हा गुरूलाच आव्हान, या वेळी मुंबईच्या. ब्राह्मणघरातल्याच बाईनं आपल्यांची एकजिनसी ओळख मोडून दाखवली, याची पुण्यात किती चर्चा झाली असती! पण त्याच वर्षी 'युगान्त'ला साहित्य अकादमी मिळाली आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. 11 ऑगस्ट 1970 ला बाई गेल्या. मल्होत्रा धनगरांच्या वाड्या आणि नंदीवाल्यांचे तळ हिंडत राहिले.

2019 मध्ये डेक्कन कॉलेजचेच वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या राखीगढीची हडप्पाकालीन हाडं घेऊन उभे राहिले. 61 नमुने तपासले, जनुकीय वाचन जमलं ते एका बाईचं. अशा कामात सगळ्यात भरवशाचं ठरतं ते आतल्या कानाभोवतीचं टणक हाड. कॅलिपर तिथवर पोचत नाही.