रेशनच्या रांगेतलं लोकमत

मराठी लोकमताचा इतिहास लिहायला बसलेली मंडळी हटकून दोन कप्पे करतात. युद्ध, सरहद्द, परराष्ट्र धोरण एकीकडे. धान्य, महागाई, रेशन दुसरीकडे. पहिल्या कप्प्यात अग्रलेख आणि व्याख्यानमाला, दुसऱ्यात मोर्चे आणि बायका. ही वाटणी मला कधीच पटली नाही. जिल्हा दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तिथे हे दोन्ही विषय एकाच पोस्टकार्डावर येत. वर लढाई, खाली तालुक्याला न आलेली साखर, आणि कडेच्या समासात उभं लिहिलेलं, छापाच अशी विनंती. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच विषय होता.

हा धागा धरायचा तर १९४२ पासून. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ यायचा थांबला. कोकणाला आणि गिरणगावाला महायुद्ध कळलं ते या बातमीने. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. आस्ताद गोरवालांसारख्या कडक शिस्तीच्या सनदी अधिकाऱ्यामुळे मुंबई तगली. त्याच वर्षी बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं दगावली. रेशनकार्ड ही सरकारी कटकट आहे असं मानणाऱ्या पांढरपेशांनी हे दोन प्रांत शेजारी ठेवून पाहावेत.

पन्नाशीचं दशक मी भरभर ओलांडतो. सुवेझवर भाषणं झाली, हंगेरीवर त्याहून कमी. एरिक दा कोस्टा यांच्या संस्थेने दिल्लीतून लोकमत चाचण्या सुरू केल्या, पण परराष्ट्र धोरणावर त्यांनी विचारलं ते मुख्यतः महानगरांतल्या शिकलेल्यांना. खेड्यातला माणूस त्या आकड्यांत नाहीच. १९५६ साली पीएल-४८० खाली अमेरिकन गव्हाचा करार झाला आणि पुढच्या दहा वर्षांत तो गहू घराघरांत गेला. पुण्याच्या माळांवर उगवलेलं गाजरगवत त्याच गव्हातून आलं, असं लोकांनी ठरवून टाकलं आणि त्याला काँग्रेस गवत म्हणायला सुरुवात केली. त्या काळचं सर्वांत बोलकं लोकमत मला त्या नावात दिसतं.

१९६५ चं साल मात्र थांबून बघायला हवं. पाकिस्तानशी लढाई, पाठोपाठ अपुरा पाऊस. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं. हॉटेलं बंद राहत. पोटाला चिमटा घेऊन देशाच्या धोरणाच्या पाठीशी उभं राहण्याचा असा प्रसंग पुन्हा आला नाही. दुसऱ्याच वर्षी एक कोटी टनांवर धान्य बाहेरून आणावं लागलं. जहाज धक्क्याला लागायचं तेव्हा चूल पेटायची, अशी गत. त्यात आपण व्हिएतनामवरच्या बाँबफेकीविरुद्ध बोललो आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाचा दोर आखूड धरला. जहाजं महिन्या-महिन्याच्या मंजुरीवर सुटू लागली. परराष्ट्र धोरण ही दिल्लीतल्या विद्वानांची मक्तेदारी आहे असं सांगणारा एक पंथ आपल्याकडे अजून टिकून आहे. मिलो खाल्लेल्या बाईसमोर त्यांनी ते सांगावं. ती लाल अमेरिकन ज्वारी परातीत थापताना कडेने तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या घरांना परावलंबन कशाला म्हणतात ते परातीतच कळलं.

आता माझ्या आवडीच्या वर्षांकडे येतो. १९७१ ते १९७४ ही चार वर्षं मराठी लोकमताची सर्वांत प्रौढ वर्षं होती, असं मी आजवर मांडत आलो आणि आजही मांडतो. बांगलादेशातून एक कोटीच्या घरात निर्वासित आले. टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. आधी तर कुटुंबनियोजनाच्या छोट्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याची अक्षरं वरून छापून ते चालवलं. तेव्हा महाराष्ट्राचे स्वतःचे हाल सुरू झालेले. सलग अवर्षणं आणि मग १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलाने गेली, माणसं खडी फोडायला बसली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. कामावर सुकडी मिळायची. पोरं ती फडक्यात बांधून न्यायची.

त्याच सुमारास मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्या एका मांडवात. त्यांनी लाटणं हातात घेतलं, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले, साठेबाजांची गोदामं दाखवून दिली. गोडं तेल, रॉकेल, डालडा, साखर, रवा या मागण्या क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेणारे तेव्हाही होते, आणि त्या चळवळीला केवळ गृहिणींचा उद्रेक म्हणून एका परिच्छेदात गुंडाळणारे आजही आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगतो, ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाने तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा त्याचा अर्थ या बायकांना अग्रलेखाआधी कळला. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभी असलेली बाई पश्चिम आशियाबद्दल विचारायची. आमच्या पानावर तशी पत्रं आली, आम्ही ती छापली.

या चार वर्षांतून निघालेली खरी कमाई म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हजेरीपटाकडे पैसा जाऊ लागला. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरी कारकुनांनी कुरकुर केली, पण कर भरला. शहर आणि शिवार यांच्यातला असा करार लोकमताच्या आधाराशिवाय टिकत नाही. पुढे २००५ मध्ये देशाने हमीचा कायदा केला तो याच वाटेने.

नंतर ते नातं उसवलं. शरद जोशींनी चाकणचा कांदा रस्त्यावर आणला, १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात रास्ता रोको झाला आणि शेतमालाचा भाव हा प्रश्न शहरी ताटासमोर उभा ठाकला. त्यांची मांडणी खरी होती, लाटणं मोर्च्याचीही खरी होती. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवण्याचं काम वृत्तपत्रांचं होतं. आम्ही ते पुरेसं केलं, असं म्हणवत नाही. नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं थोडंच: कुवेतवरच्या हल्ल्यानंतर इंधन महागलं, परकी चलन संपत आलं, आणि मग उदारीकरणाच्या कौतुकात रेशनची रांग पानांवरून नाहीशी झाली.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा मला फार मोलाचा वाटतो. घरातली सर्वांत थोरली बाई कुटुंबप्रमुख, माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरड धान्य एक. आता तर ते मोफत आहे आणि ऐंशी कोटींवर लोकांपर्यंत जातं. सुस्थितीतल्या माणसांच्या बैठकीत त्याला फुकटेपणा म्हणायची टूम निघाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून चालत निघालेले लोक ज्यांनी पाहिले, त्यांच्या तोंडी हा शब्द शोभत नाही.

युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफूल तेल महिनाभरात कडाडलं. मार्चच्या उष्म्याने उत्तरेतला गहू वाळला आणि १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात थांबली; पुढच्या वर्षीच्या जुलैत बिगरबासमती पांढरा तांदूळ; ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला बंदी. लासलगावला लिलाव बंद पडले. वाहिन्यांवर मात्र त्या दिवसांत रणगाडे, नकाशे आणि आरडाओरडा. कीव्ह आणि गाझा यांवर प्रत्येकाला ठाम मत, आपल्या बाजार समितीबद्दल कोणालाच नाही. हे मला सर्वांत जास्त सलतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कांदापट्ट्यातल्या दिंडोरीतून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या, तेव्हा कुठे दिल्लीला कांदा दिसला. पत्रांची पानं उरली असती तर तो सहा महिने आधी दिसला असता.

आणि ज्वारी. एके काळी राज्यात साठ लाख हेक्टरांवर असलेलं हे पीक आता वीस लाखांच्या आत आलं आहे. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, पंचतारांकित हॉटेलांत बाजरीचे पदार्थ मांडले गेले. कायद्यात भरड धान्याला जागा आहे, मालदांडीचा वेगळा हमीभावही दरवर्षी जाहीर होतो. सोलापूर, बीड, धाराशिवच्या रेशन दुकानांत मात्र वर्षानुवर्षं प्रामुख्याने गहू आणि तांदूळच येतो. त्या जिल्ह्यांतल्या बायकांना काय हवं, हे विचारायला एकाही चाचणीवाल्याने प्रश्नावली काढलेली माझ्या पाहण्यात नाही.