पाहिजे आणि पाहिजेच

गाडी सव्वाअकराची असली की आम्ही साडेनऊलाच घर सोडायचो. ठाणे स्टेशन रिक्षाने वीस मिनिटांवर. तरी साडेआठपासून बाबा बूट घालून दारात उभे असत. आईचं पोळ्या बांधणं, आमच्या वेण्या, गॅस बंद केला का ते पाहणं, सगळं त्यांच्या चढत्या आवाजाखाली उरकायचं. मग फलाटावर आम्ही ट्रंकेवर बसून तास-सव्वा तास काढायचो. आई हळूच म्हणायची, "त्यांचा स्वभावच तसा. स्वभावाला औषध नाही."

या म्हणीवर मी बरीच वर्षं विश्वास ठेवला. आता ठेवत नाही.

बाबा सत्तरीत असताना मी त्यांना विचारलं, घरातून निघताना नेमकं काय होतं हो? त्यांनी विचार करून सांगितलं, की डोळ्यांपुढे एकामागून एक चित्रं येतात. रिक्षा मिळाली नाही. फाटक लागलं. गाडी हलली. तिकडे लग्नमंडपात सगळे विचारताहेत, हे कुठे राहिले? मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. विशीत त्यांची एक गाडी चुकली होती आणि तिच्याबरोबर नोकरीची मुलाखतही. घरी परतल्यावर वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पाहुण्यांसमोर त्यांना बेजबाबदार म्हटलं. त्या दिवशी बाबांनी मनाशी एक वाक्य पक्कं केलं: मला कधीही उशीर होताच कामा नये. झाला, तर मी नालायक.

गाडी एकदाच चुकली. वाक्य पन्नास वर्षं टिकलं, आणि आम्ही त्यालाच स्वभाव म्हणत होतो.

वाक्य टिकलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. बाबांची त्यानंतर एकही गाडी चुकली नाही. दर वेळी ते तासभर आधी पोचले आणि दर वेळी त्यांच्या मनाने निष्कर्ष काढला, की एवढी धास्ती घेतली म्हणूनच गाडी मिळाली. धास्तीशिवाय गाडी मिळते का, हे त्यांनी एकदाही करून पाहिलं नाही. विचाराने वागणं ठरवलं आणि वागण्याने विचार खरा ठरवला. अक्षराला वळण लागतं तसंच हे. चार-दोनदा गिरवताना लक्ष द्यावं लागतं, पुढे हात आपोआप तसाच वळतो आणि लोक अक्षरावरून माणूस ओळखायला लागतात.

'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपण सहज म्हणतो. या म्हणीत दडलेली यंत्रणा उलगडून तिच्यावर उपचार उभा करणारा माणूस अमेरिकेतला. अल्बर्ट एलिसचा जन्म 1913 साली पिट्सबर्गला झाला, तो वाढला न्यूयॉर्कमध्ये. पाच ते सात या वयात मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी त्याला आठ वेळा रुग्णालयात ठेवावं लागलं, एकदा तर जवळजवळ वर्षभर. आईवडील क्वचित भेटायला येत. शेजारच्या खाटांभोवती माणसं जमलेली आणि आपल्या खाटेशी कुणी नाही, हे तो पोर रोज पाहत असणार.

तरुणपणी एलिस कमालीचा बुजरा होता. मुलींशी बोलायची त्याला दहशतच होती. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला एक काम नेमून दिलं. घराजवळच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात तो 130 जणींच्या शेजारी बसला. तीस जणी लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायचं कबूल केलं एकीनेच आणि तीही आली नाही. वरवर पाहता सपशेल हार. पण एलिसच्या हाती मोलाचा पुरावा आला होता. नकार मिळाला, आणि आभाळ कोसळलं नाही. पुढे हजारो रुग्णांपुढे तो ज्या शास्त्राच्या जोरावर बसला, त्याचं बीज मला त्या बाकावर दिसतं.

1947 साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर एलिसने काही वर्षं मनोविश्लेषण केलं. रुग्ण बालपणीच्या आठवणी उकरत, त्यांना कारणं कळत आणि तरीही ते तसेच वागत. एलिस अस्वस्थ झाला. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम असलेला ग्रीक तत्त्वज्ञ त्याने पूर्वीच वाचला होता. घटना माणसाला तितक्या छळत नाहीत, त्या घटनांबद्दलचं त्याचं मत छळतं, असा त्याच्या शिकवणीचा आशय. या पायावर एलिसने 1955 साली आपली उपचारपद्धती मांडली. मराठीत ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून ती असंख्य मराठी घरांपर्यंत पोचली.

एलिसचं म्हणणं असं, की माणूस इच्छा करतो तोवर ठीक असतो. इच्छेचा हुकूम झाला की बिघडतो. हे समजून घ्यायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी एक अक्षर आहे. 'मला चहा पाहिजे' ही इच्छा. 'मला चहा पाहिजेच' म्हटलं की चहा न मिळणं हा अन्याय होतो. मला यश मिळालंच पाहिजे. लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे. आयुष्य सुरळीत चाललंच पाहिजे. एलिसने दाखवलेल्या तीन मुख्य मागण्या या, आणि तिन्हींचं बळ त्या 'च'मध्ये आहे. पहिलीतून चिंता आणि न्यूनगंड येतात, दुसरीतून संताप, तिसरीतून कुरकुर आणि टाळाटाळ. ज्याच्या मनात जो 'च' रोज गिरवला जातो, त्यावरून आपण त्याला घाबरट, तापट किंवा रडका म्हणून मोकळे होतो.

'च' काढला तर माणूस थंड पडेल, अशी शंका मलाही होती. एलिसला थंडपणा नको होता. गाडी चुकू नये म्हणून काळजी घेणं आणि चुकेल या कल्पनेने घर डोक्यावर घेणं, माणूस गेल्याचं दुःख आणि आता जगण्यात अर्थच नाही ही निराशा, या जोड्यांतला फरक त्याने बारकाईने मांडला. पहिली भावना कामाला लावते, दुसरी खिळवून ठेवते.

साधारण त्याच काळात फिलाडेल्फियामध्ये ॲरन बेक हा मनोविकारतज्ज्ञ वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी आला. एक रुग्ण स्त्री त्याच्यासमोर आपल्या नाजूक खासगी गोष्टी सांगताना अस्वस्थ होत असे. विषयच तसा आहे, असं बेकला वाटलं. विचारल्यावर कळलं, की आपल्या बोलण्याचा डॉक्टरांना कंटाळा येतोय, हा विचार तिच्या मनात सारखा चालू होता. बोलण्याच्या खालून वाहणाऱ्या अशा विचारांना बेकने 'स्वयंचलित विचार' म्हटलं. ते इतके झटपट येऊन जातात, की माणसाला फक्त मागे उरलेली भावना जाणवते.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. 'विचार बदला म्हणजे सगळं बदलेल' असं पोरासोरांना ऐकवलं जातं तेव्हा मला राग येतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं कर्ज खरं असतं. मार खाणाऱ्या बाईचा मार खरा असतो. तीव्र नैराश्यात औषधांची गरज पडते आणि ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. त्रासात असलेल्या माणसाला 'तुझे विचारच चुकीचे' म्हणणं हे त्याच्या पाठीवर आणखी एक दगड ठेवणं आहे.

आणि नुसत्या विचाराने विचार बदलत नाही, हे तर त्या बाकावर बसणाऱ्या एलिसलाच आधी कळलं होतं. म्हणून तो रुग्णांना घरी करायचे पाठ देई. त्यातला एक लाज घालवण्याचा. भुयारी रेल्वेत पुढच्या स्टेशनाचं नाव मोठ्याने पुकारायचं. लोक वेड्यात काढतील? काढू देत. आणि मुळात लोकांचं आपल्याकडे लक्ष असतं तरी किती? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीभर मुलांमध्ये पाठवलं होतं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो साधारण पावपट लोकांनीच टिपला होता. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला.

बाबांकडून मी उशिराची धास्ती घेतली नाही, 'लोक काय म्हणतील' ही घेतली. चारचौघांत आवाज चढवणं मला जमत नसे. गर्दीच्या लोकलमध्ये 'उतरायचंय' म्हणायचं धाडस होत नाही म्हणून मी दोनदा पुढच्या स्टेशनला जाऊन परत आले आहे. मागच्या वर्षी दुपारच्या ठाणे स्लोमध्ये, बायकांच्या डब्यात, मी एलिसचा पाठ करायचं ठरवलं. शीव गेलं, तोंड उघडलं नाही. कुर्ला गेलं. छाती धडधडत होती, तळवे ओले. आतला आवाज सांगत होता, सगळ्या वळून बघतीलच. मग मी म्हटलं, बघाव्यात असं मला वाटत नाही. पण बघितलं तर बघितलं.

"विद्याविहार!"

खिडकीतल्या बाईंनी मोबाइलवरून मान वर केली नाही. दोन कॉलेजच्या मुली आपल्या गप्पांत होत्या. समोरच्या बाकावर मांडीवर भाजीची पिशवी घेऊन पेंगणाऱ्या आजी मात्र दचकून जाग्या झाल्या, पदर सावरत उठल्या आणि दाराकडे जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बाई ओरडलीस."