गदा, फेटा आणि वस्तादकी

टोरांटोच्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघात एस बेली नावाचा खेळाडू होता. डिसेंबर १९३३मध्ये बॉस्टनच्या सामन्यात मागून धक्का बसून तो बर्फावर डोक्यावर आपटला. जीव वाचला, खेळ संपला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या मदतीसाठी सामना झाला आणि त्याचा ६ नंबर यापुढे कुणी घालायचा नाही, असं संघाने ठरवलं. तिकडच्या मोठ्या लीगमधली ही पहिली वेळ. आता अशा नंबरांची निशाणं स्टेडियमच्या छताला टांगतात.

कोल्हापूरच्या पैलवानाच्या अंगावर नंबर नसतो, लंगोट असतो. खेळ थांबला की त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर जातो, पण माणूस मात्र कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावरच राहतो. पहाटे पोरांच्या जोर-बैठका मोजायच्या, कुणाचा पट सैल पडतोय ते हेरायचं, कुणाला कुणाशी लावायचं ते ठरवायचं. त्याला आता सगळे वस्ताद म्हणतात. तालमीकडे देण्यासारखा याहून मोठा मान नाही.

भवानी मंडपाजवळची मोतीबाग तालीम बघा. गणपतराव आंदळकर १९६०चे हिंदकेसरी. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं आणली, १९६४ला टोकियो ऑलिंपिक खेळले. मग वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले, ते १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. त्यांचा मुलगा विनोदही हिंदकेसरी. एकाचा डाव दुसऱ्याच्या अंगात असा उतरत गेला. गंमत म्हणजे बेलीलाही अखेर हेच हवं होतं. १९६८मध्ये त्याने स्वतः सांगून आपला ६ नंबर रॉन एलिस या तरुण खेळाडूच्या अंगावर चढवला.

उघड्यावरचा सन्मान होतो तो खासबागेत. रोमचं प्राचीन गोल क्रीडागृह पाहून आलेल्या शाहू महाराजांनी हे मैदान बांधलं, ते १९१२मध्ये खुलं झालं. जंगी मैदानात मोठी जोड लागण्याआधी हलगी कडाडते, जुने मल्ल आखाड्यात येतात, त्यांना फेटा बांधतात, शाल-नारळ देतात. निवेदक त्यांच्या गाजलेल्या कुस्त्या नावा-गावासकट सांगतो. तेव्हा जन्मलेलीही नसलेली पोरं शिट्ट्या मारतात. मग मानाची जोड या जुन्या मल्लांच्याच हातांनी लावली जाते.

पण फेट्याने गुडघ्याचं ऑपरेशन होत नाही. उमेदीत दूध-बदाम-तुपाचा खुराक पचवलेलं शरीर मेहनत सुटल्यावर त्रास देतं, आणि बहुतेकांच्या मागे ना नोकरी असते ना पेन्शन. इथे तालीम हतबल आहे आणि सरकार सवयीने उशिरा येतं. राजाराम कॉलेजात शिकलेले मल्ल खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं. १९८४मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव २०१०मध्ये लागलं, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. सगळं चांगलंच, फक्त यातलं काहीच त्यांना बघता आलं नाही.

हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी आणि वयोवृद्ध मल्लांचं सरकारी मानधन वाढवण्याची घोषणा जानेवारी २०२३मध्ये, पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या वेळी झाली. ती रक्कम दर महिन्याला, न मागता हातात पडली पाहिजे. आणि अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे याल तेव्हा चार पावलं पुढे मोतीबागेत जा, चपला बाहेर काढा आणि काठावर बसलेल्या म्हाताऱ्याला त्याची एखादी कुस्ती विचारा.