विवाहपूर्व संपत्तिकरार
विवाह करू इच्छिणाऱ्या स्त्री-पुरुषांनी विवाहापूर्वी आपापल्या मालमत्तेविषयी केलेला लेखी करार. कोणती मालमत्ता सामाईक राहील, कोणती एकट्याची राहील व विवाह संपुष्टात आल्यास वाटणी कशी व्हावी, हे त्यात ठरविलेले असते. विवाहानंतर पतिपत्नींनी केलेल्या अशाच करारास विवाहोत्तर करार म्हणतात.

भारतात बहुतेक ठिकाणी अशा कराराला स्वतंत्र वैधानिक आधार नाही. हिंदू विवाह हा संस्कार मानला गेल्याने विवाहाच्या अटी आधीच ठरविण्याची कल्पना न्यायालयांना फारशी मानवली नाही. टिकैत मनमोहिनी खटल्यात (१९०१) पतीने कायम सासुरवाडीसच राहावे, हा विवाहापूर्वी झालेला करार कलकत्ता उच्च न्यायालयाने अग्राह्य ठरविला. तो करार संपत्तीचा नसून निवासाचा होता. तरीही भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या २३ व्या कलमातील सार्वजनिक धोरणाच्या कसोटीच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जातो. पोटगीचा वैधानिक हक्क करारान्वये सोडून देता येत नाही, असाही न्यायालयांचा सर्वसाधारण कल आहे. मुस्लिम विवाह मुळातच संविदात्मक असल्याने निकाहनाम्यात मेहेर व इतर रास्त अटी घालता येतात.

गोव्याची स्थिती यापेक्षा मूलतः भिन्न आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १ जुलै १८७० पासून तेथे अंमलात आली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने तेथील प्रचलित कायदे चालू ठेवले. पुढे खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि त्यानुसार करार नसल्यास केवळ विवाहोत्तर कमाईच सामाईक ठरते. गोव्यात मात्र जुनाच नियम टिकून आहे.

हा नियम असा, की करार केला नसेल तर वधूवरांचा धर्म कोणताही असो, त्यांची विवाहापूर्वीची व नंतरची मालमत्ता, काही अपवाद वगळता, सामाईक होते व प्रत्येकाचा तीत अर्धा हिस्सा असतो. माहेरून वारशाने आलेले घरही सामाईक होते आणि पतीच्या नावावरील दुकानही. पतीला पत्नीच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. पती वारल्यास पत्नीचा अर्धा हिस्सा वारसा म्हणून तिच्याकडे येत नाही. तो आधीपासूनच तिचा असतो.

हे नको असल्यास करार करून दुसरी व्यवस्था निवडता येते : संपूर्ण विभक्तता, केवळ विवाहोत्तर मिळकतीची सामाईकता, किंवा स्त्रीधनाधारित व्यवस्था. शेवटची आता जवळजवळ इतिहासजमा आहे. करार नोटरी अधिकाऱ्यासमोर सार्वजनिक दस्तऐवजाच्या रूपात करावा लागतो. खाजगी कागदावरच्या सह्या पुरत नाहीत. तो विवाहापूर्वीच झाला पाहिजे. कॅथलिकेतरांच्या बाबतीत विवाह नोंदणी कार्यालयातील दुसऱ्या स्वाक्षरीने पूर्ण होतो. त्यामुळे नोंदणी आधी व सप्तपदी नंतर असा क्रम ठेवणाऱ्यांनी सप्तपदीच्या आदल्या दिवशी करार करण्याचे योजिले, तर वेळ टळून गेलेली असते.

विवाहानंतर हा करार रद्द करता येत नाही वा बदलताही येत नाही. त्यामुळे संपत्तिव्यवस्था बदलणाऱ्या विवाहोत्तर करारास गोव्यात जागा नाही. जोडीदाराच्या गैरव्यवस्थेने मालमत्ता धोक्यात आल्यास न्यायालयाकडून संपत्ती विभक्त करून घेणे, हा उपाय उरतो. हे बंधन जाचक वाटले तरी त्यामागे अर्थ आहे : एकदा संसार सुरू झाल्यावर दोघांपैकी दुबळ्याची संमती खरोखरच मुक्त असेल, याची खात्री देता येत नाही.

विभक्ततेचा करार नेहमीच संरक्षक असतो, ही समजूत बरोबर नाही. धंद्यात जोखीम घेणाऱ्या पतीच्या कर्जांपासून पत्नीची मालमत्ता त्यामुळे अलग राहते, हे खरे. परंतु जिचे स्वतःचे उत्पन्न नाही, घर सांभाळण्यातच जिची वर्षे जातात, ती स्त्री या करारावर सही करून पतीच्या मिळकतीतील अर्धा हिस्सा गमावते. म्हणून वधूने दस्तऐवज वाचून, स्वतंत्र सल्ला घेऊनच सही करणे इष्ट. करारात कोणतीही व्यवस्था निवडली, तरी मुलांसारख्या सक्तीच्या वारसांचा राखीव हिस्सा त्यामुळे हिरावला जात नाही.

सामाईकतेचे परिणाम अन्य कायद्यांतही दिसतात. ही व्यवस्था लागू असलेल्या दांपत्याचे वेतनाव्यतिरिक्तचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत समान विभागले जाते. उत्तराधिकाराचा भाग २०१२ च्या राज्य अधिनियमात नव्याने समाविष्ट करण्यात आला असून तो २०१६ मध्ये अंमलात आला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की गोव्यात लागू असलेली संहिता हा भारतीय कायदाच असून गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतातील कोठल्याही मालमत्तेच्या वारशास तीच लागू होईल. साहजिकच अशा व्यक्तीची मुंबईतील सदनिकाही या नियमांच्या कक्षेत येते.