बांबारा भाषेंतील नित्याचीं वाक्यें

परक्या मुलखांत जाणाऱ्या प्रवाशाच्या सामानांत नित्याच्या वाक्यांचें एखादें छोटेखानी पुस्तक बहुधा असतेंच. डाव्या बाजूस इंग्रजी वाक्य, उजव्या बाजूस त्या देशच्या भाषेंतील वाक्य. ‘नमस्कार’, ‘आपला आभारी आहें’, ‘याची किंमत काय?’, ‘माफ करा’ अशीं शंभर-दोनशें वाक्यें पाठ केलीं कीं काम भागलें, अशी त्यामागची समजूत. फ्रान्समध्यें किंवा जर्मनींत ही समजूत बव्हंशीं खरी ठरते. कारण तेथील बोलण्याचालण्याच्या रीती इंग्रजांच्या रीतींपासून फार दूरच्या नाहींत. पण हेंच पुस्तक पश्चिम आफ्रिकेंतील बांबारा भाषेकरितां तयार करूं गेल्यास पहिल्याच पानावर लेखणी अडते. ती कां अडते, हें पाहण्यासारखें आहे.

बांबारा ही माली देशाची मुख्य व्यवहारभाषा. बोलणारे तिला ‘बामानान्कान्’ म्हणतात. नायजर नदीच्या कांठच्या बामाको व सेगू या शहरांत ती घरोघर चालतेच. पण ज्यांची मातृभाषा निराळी आहे असे लोकही बाजारांत व मोटारीच्या अड्ड्यावर तिचाच आश्रय करतात. शेजारच्या आयव्हरी कोस्टमधील व बुर्किना फासोंतील जूला बोली तिची सख्खी बहीण. माली १९६० मध्यें स्वतंत्र झाला, तरी राजभाषेचा मान फ्रेंचकडेच राहिला. २०२३ च्या नव्या घटनेनें तो बांबारासह तेरा देशी भाषांना दिला आणि फ्रेंच ही केवळ कामकाजाची भाषा उरली. बांबारा शिकण्याचीं साधनें मात्र अद्याप बरींचशीं फ्रेंचमध्यें आहेत, त्यामुळें इंग्रजीवरून शिकणारा थोडा उपेक्षितच राहतो.

वस्तुतः इंग्रजी बोलणाऱ्याचा या भाषांशीं संबंध जुना आहे. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ च्या जुलैंत सेगूस पोहोंचला. निघण्यापूर्वीं त्यानें गॅम्बिया नदीच्या कांठीं कांहीं महिने राहून मांडिंगो भाषेचा अभ्यास केला होता, आणि ती बांबारेच्या नात्यांतील असल्यामुळें पुढें बांबाराही त्याला थोडक्या काळांत कळूं लागली. सेगूच्या राजानें त्याला भेट नाकारली. दिवसभर उपाशी बसलेल्या त्या प्रवाशास एका बाईनें आपल्या घरीं नेऊन जेवूं घातलें. रात्रीं घरांतील बायका कापूस कांततां कांततां एक नवेंच गाणें गाऊं लागल्या. तें आपल्याचविषयीं आहे हें पार्कला उमगलें, कारण भाषा त्याच्या कानांत उतरली होती. १७९९ मध्यें निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत मांडिंगो शब्दांची यादीही आहे.

येथें लेखनाविषयीं एक सूचना. बांबारेचें छापील लेखन बहुधा रोमन लिपींत होतें. त्यांत ‘ए’ व ‘ओ’ या प्रत्येकाचे मिटलेला व उघडा असे दोन प्रकार असतात. उघड्या ‘ओ’साठीं पुढें ‘ऑ’ योजिला आहे. स्वराची उंची मात्र रोमनमध्यें सहसा दाखवीत नाहींत आणि देवनागरींत दाखवितां येत नाहीं. ‘बा’ म्हणजे आई आणि ‘बा’ म्हणजे शेळीही. भेद केवळ आवाजाच्या चढउतारांत. तेव्हां उच्चार शेवटीं माणसाच्या तोंडूनच शिकावा लागतो.

आतां पहिलें वाक्य. इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’ला बांबारेंत ‘इ नि सॉगॉमा’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘तूं आणि सकाळ’. दुपारीं ‘इ नि तिले’, दिवस कलला कीं ‘इ नि वुला’, रात्रीं ‘इ नि सु’. येथवर पुस्तकाची दोन रकान्यांची मांडणी टिकते. पण ‘इ नि’च्या पुढें केवळ वेळच येते असें नाहीं. काम करीत असलेल्या माणसास ‘इ नि बारा’, म्हणजे ‘तूं आणि काम’. बाजारांत गांठ पडली तर ‘इ नि सुगु’. थकून आलेल्यास ‘इ नि सेगेन्’. फार दिवसांनीं भेटलेल्यास ‘इ नि फामा’. यांना इंग्रजींत जोड नाहीं. समोरचा माणूस कोणत्या अवस्थेंत आहे हें आपण पाहिलें, एवढें सांगणें हाच या अभिवादनांचा अर्थ. ‘इ नि चे’ हें त्यांतलेंच. पुस्तकें त्यापुढें ‘थँक यू’ लिहितात व तें चुकीचें नाहीं, परंतु आभाराप्रमाणें साध्या अभिवादनासही तें चालतें.

याला उत्तर देतांना पुरुष ‘न् बा’ म्हणतो आणि स्त्री ‘न् से’ म्हणते. इंग्रज शिकाऊ येथें हटकून घोटाळा करतो. समोर बाई असली कीं ‘न् से’ म्हणावें असें त्याला वाटतें, आणि भोंवतालचीं मुलें हंसूं लागतात. शब्द बोलणाऱ्यावरून ठरतो, ऐकणाऱ्यावरून नाहीं. ‘मी जातों’ व ‘मी जातें’ हा भेद लहानपणापासून पाळणाऱ्या मराठी माणसास यांत नवल वाटूं नये. गंमत अशी कीं, एरवीं बांबारेंत लिंगभेद नाहींच. तो, ती, तें या तिघांनाही ‘आ’ हें एकच सर्वनाम.

अभिवादन येथें संपत नाहीं; येथें तें सुरू होतें. ‘हेरे सिरा?’ म्हणजे रात्र सुखाची गेली ना? उत्तर, ‘हेरे दॉरॉन्’, नुसतें सुखच. मग ‘सोमॉगॉउ का केने?’, घरचीं माणसें बरीं आहेत ना? उत्तर, ‘तॉरॉ तु ला’, त्यांना कांहीं त्रास नाहीं. घरीं कोणी आजारी असलें तरी उत्तर प्रथम हेंच. खरी हकीगत नंतर निघते. घाईंतल्या प्रवाशास हा वेळेचा अपव्यय वाटतो. तो दुकानाशीं जातो आणि थेट भाव विचारतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतें, उच्चारही बरा असतो. तरी दुकानदारीण तोंड फिरवते, कारण त्यानें तिला माणूस म्हणून ओळखच दिलेली नसते. नित्याच्या वाक्यांच्या पुस्तकांत किंमत विचारण्याचें वाक्य अभिवादनाच्या चार ओळींवांचून छापूंच नये, हें उत्तम.

आणि ती किंमत! ‘निन् ये जोलि ये?’, हें केवढ्याला? असें विचारल्यावर आंब्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून बाई ‘केमे’ म्हणते. पुस्तकांत ‘केमे’पुढें ‘शंभर’ असें स्वच्छ लिहिलेलें असतें. प्रवासी शंभर फ्रँकचें नाणें पुढें करतो. बाईस ती थट्टा वाटते, प्रवाशास आपण लुबाडले जातों असें वाटतें, आणि दोघेंही प्रामाणिक असतां शब्दाला शब्द वाढतो. खरा प्रकार असा कीं, बांबारेंत पैशाचा हिशेब फ्रँकांनीं होत नाहीं, पांच फ्रँकांच्या ‘दॉरॉमे’नें होतो. केमे म्हणजे शंभर दॉरॉमे, अर्थात् पांचशें फ्रँक. शंभर फ्रँकना ‘मुगान्’, म्हणजे वीस, म्हणावें. अडीचशेंना ‘बि दुरु’, म्हणजे पन्नास. आपल्याकडे १९५७ मध्यें दशमान नाणीं आल्यावरही पन्नास पैशांना ‘आठ आणे’ म्हणण्याची संवय पुढें कित्येक वर्षें गेली नाहीं, त्याच जातीची ही संवय आहे. जातां जातां सांगण्याजोगें म्हणजे, ‘दॉरॉमे’ हा शब्द अरबी ‘दिरहम’वरून आला, दिरहम ग्रीक ‘द्राख्मे’वरून, आणि त्याच ग्रीक शब्दापासून संस्कृत ‘द्रम्म’ व त्यावरून मराठीचा ‘दाम’. बामाकोची आंबेवाली आणि आपला वाणी एकाच नाण्याच्या नांवानें भाव सांगत आले आहेत.

याहून नाजूक ठिकाण म्हणजे इंग्रजीचें ‘आय् अ‍ॅम सॉरी’. इंग्रज मनुष्य कोणाच्या पायावर पाय पडला तर तें म्हणतो, कोणी आजारी असल्याचें कळलें तर म्हणतो, आणि मृत्यूची वार्ता ऐकली तरीही तेंच म्हणतो. बांबारेंत हे तीन प्रसंग, आणि तीन निरनिराळीं वाक्यें. पाय पडल्यास ‘हाकेतो’. ‘हाके’ म्हणजे अपराध आणि ‘तो’ म्हणजे सोडून दे. आजाऱ्याविषयीं ‘अला का नॉगॉया के’, देव आराम पाडो. मृताविषयीं ‘अला का हिने आ ला’, देव त्याच्यावर दया करो. शेवटच्या दोहोंना ऐकणारा ‘अमीना’ म्हणतो, म्हणजे ‘तथास्तु’. आतां ज्याच्या पुस्तकांत ‘सॉरी’पुढें केवळ ‘हाकेतो’ एवढाच शब्द आहे असा प्रवासी दुखवट्याच्या घरीं जाऊन, डोळ्यांत पाणी आणून ‘हाकेतो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ काय होईल? अपराध माझा, तो सोडून द्या, असा! परका म्हणून लोक त्याला सांभाळून घेतील. पण त्याला जें द्यावयाचें होतें तें सांत्वन मात्र पोहोंचणार नाहीं. शब्दकोशांत पर्याय बरोबर असूनही भाषांतर चुकतें तें असें.

‘प्लीज’ची गोष्टही थोडीशी अशीच आहे. त्याचा नेमका प्रतिशब्द नाहीं. ‘साबालि’ हा शब्द पुस्तकांत दिलेला असतो. त्याचा मूळ अर्थ ‘धीर धर’, आणि भांडण सोडवितांनाही तोच वापरतात. पेलाभर पाण्यासाठीं तो योजणें शोभत नाहीं. मराठींत तरी ‘कृपया पाणी द्या’ असें घरांत कोण म्हणतो? तसेंच ‘तूं’ व ‘आपण’ हा भेदही बांबारेंत नाहीं. एक माणूस असेल तर लहानथोर सर्वांना ‘इ’, अनेक असतील तर ‘आउ’. आदर सर्वनामांत नसतो. तो अभिवादनाच्या लांबींत असतो.

वाक्यरचनेपुरतें पाहिल्यास मात्र इंग्रजापेक्षां मराठी मनुष्यास ही भाषा सोपी जावी. ‘न् बे जि मिन्’ यांत ‘जि’ म्हणजे पाणी आधीं येतें आणि ‘मिन्’ म्हणजे पिणें शेवटीं; मध्यें ‘बे’ हें वर्तमानकाळाचें चिन्ह. ‘सो कॉनॉ’ म्हणजे घरांत. ‘आंत’ दाखविणारा शब्द नामाच्या मागून येतो, आपल्याप्रमाणेंच. इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहें. बांबारा म्हणते ‘कॉन्गॉ बे न् ना’, भूक माझ्यावर आहे. इंग्रज एखादी वस्तु ‘लाइक’ करतो. बांबारा म्हणते ‘आ का दि न् ये’, तें मला गोड आहे, म्हणजे आवडतें. एक जोडी तेवढी जपून वापरावी. ‘वारि बे न् फे’ म्हणजे पैसे माझ्यापाशीं आहेत; ‘न् बे वारि फे’ म्हणजे मला पैसे हवे आहेत. शब्द तेच, क्रम उलटा. मोटारवाल्यास धीर देण्यासाठीं पहिलें म्हणावयाचें आणि तोंडून दुसरें निघावयाचें, असें होऊं देऊं नये.

नांव विचारतांना ‘इ तॉगॉ?’ एवढ्यानें भागत नाहीं; लगेच ‘इ जामु?’ असा प्रश्न येतो. जामु म्हणजे कुळाचें नांव: ताराओरे, जारा, केइता, कुलिबाली इत्यादि. कांहीं कुळांमध्यें परंपरेनें थट्टेचें नातें मानलें जातें. त्याला ‘सेनांकुन्या’ म्हणतात. अशा कुळांतील दोन अनोळखी माणसें भेटलीं कीं एक दुसऱ्यास बेधडक म्हणतो, ‘इ बे शो दुन्’, तूं चवळ्या खातोस! यावर रागवावयाचें नसतें. तूंच खातोस, असें उलट म्हणावयाचें असतें. परदेशी पाहुण्यास यजमान पुष्कळदां आपलेंच जामु देतात, आणि त्या क्षणापासून तोही या थट्टेचा धनी होतो. इंग्रजी रकान्यांत यापुढें काय लिहावें? ‘तूं चवळ्या खातोस’ असें लिहून चालणार नाहीं. ‘आपण आतां परके नाहीं’ असें लिहावें लागेल.

निरोपाचें वाक्य ‘कान् बेन्’, आपली भेट होवो. रात्रीं अंगणांतून उठतांना मात्र निराळा आशीर्वाद देतात: ‘अला कान् केलेन् केलेन् वुलि’, देव आपणांस एकेकटें उठवो. इंग्रजी ‘गुड नाइट’च्या जागीं हें वाचून नवखा गोंधळतो. पण सकाळीं जो तो आपापल्या वेळेस, एकामागून एक उठतो. सारें घर एकदम उठतें तें रात्रीं आग लागली किंवा कोणी दगावलें म्हणजेच.