टी ट्री तेल : उपयोग आणि मर्यादा

भातलावणीच्या दिवसांत पायांच्या बेचक्यांत चिखल्या होणे, घामामुळे अंगावर गजकर्ण उठणे, तरुण वयात चेहऱ्यावर मुरमे येणे, हे त्वचेचे नित्याचे विकार होत. अशा विकारांवर गुणकारी म्हणून टी ट्री तेलाच्या लहान बाटल्या आता औषधांच्या दुकानांतून मिळतात. हे तेल कितपत उपयोगी आहे आणि ते वापरताना कोणती दक्षता घ्यावयास हवी, हे जाणून घेणे इष्ट ठरेल.

नावात चहा असला तरी चहाच्या झाडाशी या तेलाचा संबंध नाही. मेलाल्युका अल्टर्निफोलिया हे या वृक्षाचे शास्त्रीय नाव असून जांभूळ, लवंग व निलगिरी ही त्याचीच कुळबांधव होत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ईशान्येकडील पाणथळ भाग हे त्याचे मूळ स्थान. तेथील बंडजलंग आदिवासी या झाडाची पाने ठेचून जखमांवर बांधीत असत. अठराव्या शतकात कॅप्टन कुक यांच्या खलाशांनी याच कुळातील झुडपांची पाने उकळून चहा केला आणि त्यावरून 'टी ट्री' हे नाव रूढ झाले.

पानांचे वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून हे तेल काढतात. सिडनी येथील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२०च्या दशकात त्याचे जंतुनाशक गुण सिद्ध केले. कार्बॉलिक अ‍ॅसिडपेक्षा ते अनेक पटींनी प्रभावी असल्याचे त्यांना आढळून आले. टर्पिनेन-४-ऑल हा त्यातील मुख्य घटक असून तो जंतूंच्या व बुरशीच्या पेशींचे आवरण दुबळे करतो.

प्रयोगांचे निष्कर्ष

ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ मुरूमग्रस्तांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के तेल असलेल्या मलमाने मुरमे कमी झाली. प्रचलित बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा गुण सावकाश आला, परंतु त्वचेची आग व कोरडेपणा कमी राहिला. कोंड्यावरही ५ टक्के तेलाच्या शाम्पूचा लाभ दिसून आला. चिखल्यांबाबतचा अनुभव मात्र बोधप्रद आहे. १० टक्के तेलाच्या मलमाने खाज व सोलवटणे कमी झाले, पण बुरशी निर्मूल झाली नाही. त्याहून तीव्र द्रावणाने अनेकांची बुरशी गेली, तथापि काहींच्या त्वचेला दाह झाला. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे, हाच याचा अर्थ.

वापरताना घ्यावयाची दक्षता

निव्वळ तेल त्वचेवर लावू नये. चहाच्या एका चमचाभर खोबरेल तेलात पाच थेंब मिसळल्यास सुमारे ५ टक्क्यांचे मिश्रण होते. प्रथम ते कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आल्यास वापर थांबवावा. हवा व उजेड लागल्याने जुने झालेले तेल त्वचेस अधिक बाधते. म्हणून बाटली गडद काचेची व घट्ट बुचाची असावी आणि ती थंड जागी ठेवावी. डोळ्यांजवळ, भाजलेल्या जागी अथवा उघड्या जखमेवर हे तेल लावू नये.

हे तेल पोटात घेणे धोक्याचे आहे. लहान मुलांनी थोडेसे तेल प्याल्याने त्यांना गुंगी येऊन तोल गेल्याचे, क्वचित बेशुद्धी आल्याचेही प्रकार घडले आहेत. असे झाल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. कुत्र्या-मांजरांनाही ते विषारी ठरते.

शेवटी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. अंगावर फिकट अथवा लालसर चट्टा उठून तेथील संवेदना कमी झाली असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा चट्ट्यावर तेल चोळण्यात दवडलेला काळ हातापायांत कायमचे व्यंग आणू शकतो. या रोगावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात व वेळीच उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. मधुमेही व्यक्तींच्या पायांवरील चिखल्या आणि पसरत जाणारे गजकर्ण यांबाबतही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. किरकोळ तक्रारींत हे तेल साहाय्यक ठरते; रोगनिदानाची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.